नमुना ‘क’ भरण्याआधी जंगल चालून या

गडचिरोली जिल्ह्यात मी एकतीस वर्षं पटवारी होतो. बाकी महाराष्ट्र तलाठी म्हणतो, आमच्याकडे अजून पटवारीच. फाईल कोणत्या कागदावाचून खरंच अडते आणि कोणत्या कागदाचं नाव सांगून उगाच अडवली जाते, हे दोन्ही मला ठाऊक आहे, कारण अडवणाऱ्यांत मीही होतो. २००९ साली एका गोंड गावानं सामूहिक वनहक्काच्या मोका पाहणीला, म्हणजे जागेवर जाऊन हद्द तपासायला, मला बोलावलं. आठ मैल आत, जंगलातली वाट, पावसाळा नुकता सरलेला. मी गेलो नाही. दुसऱ्यांदा बोलावलं, तेव्हाही काहीतरी कारण सांगितलं. ‘पटवाऱ्याची सही नाही’ म्हणून तो दावा पडून राहिला. निवृत्त झाल्यावर त्याच गावचा एक जण घरी आला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, “आता तरी चला जी काका, आता तं सहीची बी गरज नाही तुमच्या.”

गेलो. त्यानंतर आणखी काही गावांच्या फायली बांधल्या. त्या कशा बांधल्या, ते इथे लिहितो. ज्यांच्या गावाचा दावा अजून झालेला नाही, किंवा होऊन अर्धवट अडकलाय, त्यांना उपयोगी पडेल.

कायदा आहे २००६ चा: अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम. नियम २००८ चे, सुधारणा २०१२ ची. ही २०१२ ची सुधारणा हाताशी ठेवाच, कारण कचेरीत अजूनही कधी कधी जुन्या नियमांची झेरॉक्स पुढे करतात. ‘मान्यता’ हा शब्दही लक्षात ठेवा. सरकार तुम्हाला जंगल देत नाहीये. तुमचा हक्क आधीपासून होता, तो आता कागदावर येतोय. साहेबांसमोर उभं राहताना या एका शब्दानं पाठ ताठ राहते.

दाव्याच्या अर्जाचे नमुने तीन. ‘अ’ वैयक्तिक, म्हणजे कसत असलेल्या जमिनीचा, जास्तीत जास्त ४ हेक्टर. ‘ब’ सामूहिक वापराचा: निस्तार (घरगुती गरजेपुरता जंगलवापर), चराई, मासोळी, मोहफूल, तेंदू, बांबू. ‘क’ सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गावाच्या पारंपरिक हद्दीतलं सगळं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्क. याला हेक्टरची मर्यादा नाही. बहुतेक गावं ‘अ’ च्या मागे धावतात, कारण त्यात स्वतःचं नाव दिसतं. ते चूक नाही. पण ‘अ’ मध्ये चार घरांना पट्टे मिळतात आणि ‘क’ मध्ये अख्ख्या गावाला त्याचं जंगल मिळतं, म्हणून माझं मत ‘ब’ आणि ‘क’ सोबत टाका आणि ताकद ‘क’ वर लावा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, तेही केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत. तिथले पुढारी देवाजी तोफा, त्यांच्या गावाला हे मिळालं ते ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ नुसतं भिंतीवर लिहून नाही, तर त्याआधी वर्षानुवर्षं सभा भरवून.

तर सभेपासून सुरुवात. ग्रामसभा कोणती? ग्रामपंचायतीची नाही. पंचायतीत पाच-सहा गावं, दोन-चार टोले, म्हणजे वाड्या. त्यांची एकत्र सभा लावली की निम्मे लोक कधीच जमत नाहीत. या कायद्यात पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागातल्या पंचायतींचा वेगळा कायदा लागू असलेल्या) वस्तीची, टोल्याची स्वतःची ग्रामसभा धरता येते. तुमच्या टोल्यात सज्ञान माणसं १८६ असतील तर किमान ९३ हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. वैयक्तिक दाव्यांवर ठराव असेल तर दावेदारांपैकी निम्मे तरी तिथे हवेत. कोणी ‘दोन तृतीयांश लागतात’ म्हणालं तर तो जुना नियम आहे.

दिवस ठरवताना कॅलेंडर नको, जंगल पाहा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून सगळे मोहाखाली. मेमध्ये तेंदू. जुलैत रोवणी. धान कापून, मळून झालं की डिसेंबर-जानेवारीत माणूस मोकळा असतो. वेळ संध्याकाळची ठेवू नका, बायांची भाकरी-भाजीची वेळ असते आणि मग तेच ‘एक तृतीयांश’ भरत नाही. आम्ही सकाळी नऊला लावायचो, जेवण तिथेच. सह्या-अंगठे सभा सुरू व्हायच्या आधी घ्या. शेवटी घेतल्या की तोवर पंधरा-वीस जण उठून गेलेले असतात. रजिस्टरला पानावर नंबर टाका, बाया-माणसांची बेरीज वेगवेगळी लिहा.

पहिल्या सभेत वनहक्क समिती निवडायची: १० ते १५ जण, त्यात किमान दोन तृतीयांश आदिवासी, किमान एक तृतीयांश बाया. सचिव लिहिता माणूस पाहिजे, पण चालणाराही पाहिजे. एका गावात बारावी झालेल्या पोराला सचिव केलं, तो आठवड्यात कामासाठी हैद्राबादला गेला आणि रजिस्टर त्याच्या बॅगेत. तेव्हापासून मी सांगतो, सचिव म्हणून गावातच राहणारी सून निवडा.

ठराव लांबलचक नको. आमचा असा असायचा:

“आज रोजी … टोल्याच्या ग्रामसभेत १८६ पैकी ११२ सज्ञान सदस्य हजर, त्यात ४९ महिला. अधिनियम २००६ चे कलम ३(१)(झ), इंग्रजी प्रतीप्रमाणे पोटकलम आय, नुसार आमच्या पारंपरिक हद्दीतील सामूहिक वनसंसाधनावर हक्काचा दावा करण्याचे सर्वानुमते ठरले. समितीने पुरावे व नकाशा तयार करून ग्रामसभेपुढे ठेवावा.”

पोटकलमाचं अक्षर असं दोन्हीकडून लिहायचं कारण, मराठी छापील प्रतींत अक्षरं एकसारखी येत नाहीत. आपल्या हातातल्या प्रतीशी ताडून मगच लिहा.

आता पुरावे. लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते इथे, आणि खरं म्हणजे घाबरण्यासारखं इथेच सगळ्यात कमी आहे. नियम १३ मध्ये लांब यादी आहे, त्यातले एकापेक्षा जास्त पुरावे द्यायचे, म्हणजे किमान दोन. अमुकच कागद आणा असा हट्ट दावा तपासणाऱ्या वरच्या समितीला धरता येत नाही. तरी एक कागद मी नेहमी शोधतो: निस्तार पत्रक. जमीनदाऱ्या आणि मालगुजाऱ्या १९५१ मध्ये गेल्या, त्यानंतर गावोगावचे जंगलवापराचे हक्क यात लिहिले गेले. जळाऊ लाकूड कुठून, गुरं कुठे, बांबू किती, सगळं. त्याआधीचा वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढी-हक्कांची जुनी नोंद) मिळाला तर सोन्याहून पिवळं. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ च्या ऑगस्टमध्ये, म्हणून जुनं दप्तर आपल्या तहसिलीत नाही म्हटलं की परत फिरू नका. चंद्रपूरला, जुन्या ‘चांदा’ जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज टाका. गावाचं नाव तीन प्रकारे लिहून द्या. मध्य प्रांतातल्या कारकुनानं गोंडी नावाचं काय केलं असेल सांगता येत नाही. एका गावाचं नाव मला चौथ्या खेपेला सापडलं, कारण मधलं अक्षर ‘ड’ चं ‘र’ झालं होतं.

कागद नाहीच मिळाला तर म्हातारी माणसं आहेत. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा कायद्यानं पुरावा आहे. फक्त तो दावेदाराव्यतिरिक्त दुसऱ्याचा हवा, असं नियम म्हणतो. सामूहिक दाव्यात तर गावातला प्रत्येक जण दावेदार! म्हणून शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्याचा किंवा लेक म्हणून दुसरीकडे दिलेल्या म्हातारीचा जबाबही घ्या. यातून दुसरं कामही होतं: शेजारच्या गावानंच तुमची हद्द सांगितली की तिथे भांडण उरत नाही.

जबाब कसा घ्यायचा? साल विचारू नका. आम्ही एका आजीकडे गेलो, अंगणात मोहाची टोरी वाळत घातली होती. वय विचारलं तर हसली. मग मी विचारलं, “आयो, मोह वेचायला कुठवर जात होतीस?” त्यावर ती बोलायला लागली ती थांबेना. नाल्याच्या पलीकडे तीन मोहाची झाडं होती, तिथे जमीनदाराच्या माणसानं तिच्या आईच्या हातची टोपली ओढून घेतली, तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. झालं! जमीनदारी गेली १९५१ मध्ये, म्हणजे त्याआधीपासून गाव त्या नाल्यापलीकडे मोह वेचत होतं. वापर ज्या तारखेआधीचा असावा असं कायदा म्हणतो ती तारीख १३ डिसेंबर २००५, आणि आमच्या हातात त्याच्याही अर्धशतक आधीची गोष्ट. ती टोपली जबाबात जशीच्या तशी लिहिली. ‘पूर्वापार वहिवाट आहे’ असलं कचेरीचं वाक्य लिहू नका. ते शंभर फायलींत असतं, वाचणारा त्यावरून नजर सरकवतो.

अनुसूचित जमातीशिवायची घरं गावात असतील (आमच्याकडे ढिवर, गोवारी, कुणबी सगळे मिसळून राहतात) तर त्यांना वेगळं काढू नका. वैयक्तिक दाव्याला त्यांना तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, ते कठीण जातं. पण ‘क’ मध्ये हक्क ग्रामसभेचा, आणि ग्रामसभा सगळ्यांची. त्यांची माणसं समितीत घेतली की गावही एकत्र राहतं.

यानंतर चालणं. फॉर्ममध्ये जंगलाच्या तुकड्याचा कक्ष क्रमांक, जमिनीचा खसरा क्रमांक यांचा रकाना आहे आणि त्यापुढे चक्क ‘माहीत असल्यास’ असं आहे. म्हणजे नंबर नंतर शोधता येतील, आधी हद्द पायाखालून घाला. आम्ही तीन दिवस चाललो. पुढे भूमिया (गावाच्या देवपूजेचा मानकरी) आणि दोन म्हातारे, मध्ये बाया, मागे फोनवर जीपीएसचं ॲप चालू करून दोन पोरं. फोन दोन ठेवा, एकाची बॅटरी दुपारीच जाते. प्रत्येक खुणेवर थांबायचं, तिचं गोंडी नाव आधी लिहायचं, मग मराठी. वनखात्याचे मुनारे (हद्दीच्या खुणा) लागले तर त्यांचे नंबर टिपा, पण मुनारा म्हणजे गावाची हद्द नव्हे. गावाची हद्द कुठे तरी नाल्यावर, कुठे पहाडीच्या धारेवर, कुठे वठलेल्या साजाच्या झाडावर असते.

बाया सोबत हव्यात हे मी नियम म्हणून सांगत नाहीये. माणसं हद्द दाखवतात, बाया जंगल दाखवतात. त्या नाल्याच्या काठी माझ्यासारख्याला नुसती झुडपं दिसली. तिथे एक बाई म्हणाली, इथले वास्ते (बांबूचे कोंब) पहिल्या पावसाला निघतात, पलीकडच्या काठचे पंधरा दिवसांनी. कडूकांदे कुठल्या उतारावर, सात्या (अळंबी) कुठल्या वारुळाजवळ, कुड्याची फुलं कुठे, गुरं दुपारी कुठल्या झरीवर बसतात. नियम १३ मध्ये सामूहिक वनसंसाधनाचे पुरावे म्हणून हेच तर मागितलंय: कंदमुळांच्या जागा, चराई, पाण्याचे झरे, औषधी, मासोळीचे डोह, स्मशान, पवित्र झाडं. तीन दिवसांत ४१ जागा नोंदल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त बायांनी दाखवलेल्या.

तिसऱ्या दिवशी एका वळणावर भूमिया थांबला. पुढे पेनठाणा होता, गावदेवाची जागा. पोरानं फोन पुढे केला, तसा तो म्हणाला, “हे लिहू नका जी. कागदावर गेलं की साहेब येतात, साहेबांमागून फोटोवाले.” तासभर आम्ही खाली बसून बोललो. मी पटवारी माणूस, माझा हात सगळं नोंदवायला शिवशिवणारा. पण त्याचं म्हणणं खरं होतं. सरकारी नकाशा कोणीही मागू शकतो. शेवटी असं ठरलं: हद्द अशी घ्यायची की जागा निःसंशय आत येईल. यादीत ‘गावाचं पारंपरिक देवस्थान, तीन ठिकाणी’ एवढंच लिहायचं. बिंदू नाही, देवाचं नाव नाही, फोटो नाही. सोबत भूमियाचा जबाब, की त्या भागात झाड तोडत नाही, अमुक पंडुमाच्या (सणाच्या) आधी तिथलं फळ तोडत नाही. दावा या जबाबावर उभा राहतो, फोटोची गरज पडत नाही. तुमच्या गावात देव दाखवायला हरकत नसेल तर दाखवा, पण ते ठरवायचं गायत्यानं (गावच्या पुजाऱ्यानं) आणि गावानं. तुमच्याकडे येणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्यानं नाही, आणि माझ्यासारख्या हौशी म्हाताऱ्यानं तर नाहीच.

देवाच्या जागेला कायद्यात काय वजन आहे, असं कोणी विचारलं तर ओडिशातल्या नियमगिरीचं नाव सांगा. डोंगरिया कोंध लोकांचा नियमराजा त्या डोंगरावर, आणि खाली बॉक्साईट. सर्वोच्च न्यायालयानं १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं की वनहक्क कायद्यात धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कही येतात, आणि ते ग्रामसभांपुढे ठेवा. त्या वर्षी १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही ‘नाही’ म्हणाल्या. आपल्या कायद्याचं कलम ५ ही तेच बळ देतं: सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला धक्का लागेल असं काही होऊ न देण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. म्हणून दाव्यात देवस्थान, स्मशान, मृतांच्या नावानं उभे केलेले दगड, गोटुलची (गावाच्या एकत्र जमण्याच्या घराची) जागा यांची नोंद असू द्या, भले पत्ता नसो.

शेजारच्या गावाशी हद्द जुळली नाही तर दोन्ही वनहक्क समित्या एकत्र बसतात. आमचं भांडण एका पहाडीवर होतं, चारोळीमुळे. दोन बैठका तणतणण्यात गेल्या. तिसरी त्यांच्या गावात, जेवणासह. ठरलं असं की पहाडी आमच्या गावाच्या हद्दीत, पण चारोळी दोघांनी वेचायची, आणि कच्ची कोणीच तोडायची नाही. दोन्ही ग्रामसभांच्या ठरावात हे वाक्य घेतलं.

मोका पाहणीचं पत्र वनखाते आणि महसूल, दोघांना लेखी द्या, तारीख-वेळ-जागा लिहून. आले तर सही घ्या. ‘राखीव जंगल आहे, यात हक्क मिळत नाही’ असं वनरक्षक म्हणाला तर वाद घालू नका, कायद्यातली वनजमिनीची व्याख्या वाचून दाखवा: राखीव, संरक्षित, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यानसुद्धा त्यात आहे. आले नाहीत तर तसा पंचनामा करा. ‘आम्ही हजर नव्हतो’ अशी हरकत त्यांनी पुढे घेतली, तर दावा ग्रामसभेकडे फेरपाहणीला येतो. दुसऱ्यांदाही आले नाहीत की ग्रामसभेची पाहणी अंतिम. २००९ मध्ये हा नियम असता तर माझ्या आळसापायी त्या गावाची इतकी वर्षं गेली नसती.

मग पुन्हा ग्रामसभा, पुन्हा तोच कोरम, नकाशा मोठ्यानं वाचून दाखवायचा, ठराव, आणि फाईल उपविभागीय समितीकडे, म्हणजे एसडीओ साहेबांच्या कचेरीत. फॉर्मला पैसे लागत नाहीत. फाईल तीन प्रतींत, प्रत्येक पानावर नंबर, वर पानांसकट अनुक्रमणिका. आणि पोच घ्या. शिक्का, तारीख, ‘एकूण पाने १३७ मिळाली’ असं लिहिलेली पोच. ‘ठेवून जा, बघतो’ हे वाक्य मी नोकरीत किती वेळा बोललो असेन, आणि त्याचा अर्थ काय असतो तोही मला ठाऊक आहे. एका कचेरीत एका गावाची फाईल अख्खी हरवली, पोच नव्हती, पुन्हा पहिल्यापासून चालावं लागलं.

समितीला त्रुटी वाटली तर तिनं दावा ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो, परस्पर छाटायचा किंवा फेटाळायचा नसतो. फेटाळलाच, तर कारण लेखी द्यावं लागतं. तोंडी ‘नामंजूर झाला’ ऐकून परत येऊ नका. उपविभागीय समितीविरुद्ध जिल्हा समितीकडे ६० दिवसांत जाता येतं. जिल्हा समितीनं नाकारलं तर महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रात १८ मे २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनं विभागीय स्तरावर समिती झाली आहे, तिथे अपील आहे. दिवस मोजायचे ते लेखी आदेश हातात पडल्यापासून, म्हणून पाकिटावरची तारीखही जपा. आणि हे चालू असताना कोणी उठवायला आलं तर कलम ४(५) दाखवा: पडताळणी पूर्ण होईपर्यंत ताब्यातल्या वनजमिनीवरून हलवता येत नाही.

अधिकारपत्र मिळालं की ढोल वाजवण्याआधी वाचा. आमच्या त्या गावानं ६१२ हेक्टरचा दावा केला होता, कागदावर आले ३८८. राखीव जंगलाचे कक्ष कोणीतरी गाळले होते. कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि अपिलात त्याच मुद्द्यावर आमचं ऐकलं गेलं. म्हणून कक्ष क्रमांक एकेक करून आपल्या नकाशाशी ताडा. चतुःसीमा पाहा. हक्क ग्रामसभेच्या नावानं आहे की एखाद्या ‘समिती’च्या, ते पाहा. खाली अटींची यादी असेल तर ती कायद्यात कुठे आहे, असं लेखी विचारा. आणि तीन महिन्यांत महसुली व वन अभिलेखात नोंद व्हायला हवी, त्याची नक्कल मागा. ही नोंद राहिली की पुढचा बीटगार्ड म्हणतो, आमच्या नकाशात तर काही नाही.

मूळ अधिकारपत्र लॅमिनेट करू नका, शिक्के पुसट होतात आणि पुढे झेरॉक्स नीट निघत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा, पेटी विटांवर, कडुनिंबाचा पाला टाकून. सरपंचाच्या घरी नको, सरपंच बदलतो. आमच्या गावानं पेटी एका बाईकडे ठेवली आहे आणि किल्ली दुसऱ्या टोकाच्या घरातल्या बाईकडे. दोघींचं एकमेकींशी फारसं पटत नाही, म्हणूनच निवडल्या.